गणातलं नमन बदललं

मुळशीच्या खोऱ्यातलं पाणी पूर्वेला, देशाकडे वाहायचं. टाटांच्या धरणाने ते अडवलं आणि 1927 पासून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. तिथली वीज मुंबईला, गिरण्यांना गेली. या धरणाविरुद्ध 1921 साली मावळातले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभे राहिले. त्यांचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच.

त्याच विजेवर चालणाऱ्या गिरण्यांच्या मुंबईत, 1944 साली, डफ-तुणतुण्यावर सरकार-सावकारांना आव्हान देणारी एक मंडळी उभी राहिली: लाल बावटा कलापथक. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्याचे तीन खांब. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊंनी त्याआधीच स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. अमर शेखांचा आवाज तर असा, की मैदानातल्या शेवटच्या माणसालाही तो आपल्याशीच बोलतोय असं वाटावं.

या मंडळींनी तमाशाचा सांगाडा मोडला नाही, आणि मला त्यांचं खरं कसब तिथेच दिसतं. गण, गौळण, बतावणी, वग ही चाल प्रेक्षकांच्या अंगात मुरलेली होती. पथकाने गण ठेवला, पण त्यातल्या गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवराय आले. गौळण गळाली. वगातला राजा जाऊन ‘अकलेची गोष्ट’मध्ये सावकार आणि नाडलेला शेतकरी आला, ‘माझी मुंबई’त तर शहर कुणाचं, हाच वाद मांडला गेला. मात्र याचं सगळं श्रेय या पथकाला देणं अन्यायाचं होईल. गणातलं नमन बदलण्याची वाट सत्यशोधक जलशांनी पाडली होती, आणि 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे तिच्यावरून पुढे गेले होते. कलापथकाने ती गिरणगावात आणली.

सत्तेला गाण्याने भिडण्याची ही तऱ्हा पुढे दूर इंग्लंडमध्येही दिसली. तिथे 1977 साली एसेक्समधल्या एका जुन्या शेतघरात राहणाऱ्यांनी ‘क्रास’ हा अराज्यवादी पंक बँड काढला. स्वतःच्या तबकड्या स्वतः काढल्या, युद्धाविरुद्ध गायले, अश्लीलतेच्या खटल्याला तोंड दिलं आणि 1984 साली थांबले. त्यांना कुठलाच पक्ष नको होता. लाल बावटा कम्युनिस्ट पक्षाचा होता. हा फरक मोठा आहे. पण थोड्या वाद्यांत, उघडपणे, सत्तेचं नाव घेऊन गाण्याची धमक दोघांची सारखी होती, आणि सत्तेला ती सारखीच झोंबली.

मुंबई सरकारने पथकाच्या तमाशांवर बंदी घातली. तेव्हा तोच खेळ ‘लोकनाट्य’ म्हणून उभा राहिला. सरकारी बडग्यातून रुजलेलं हे नाव पुढे साऱ्या मराठी रंगभूमीने उचललं. 1965 च्या ‘विच्छा माझी पुरी करा’वरही तेच होतं. पथक मात्र फार वर्षं टिकलं नाही. अमर शेखांनी स्वतःचं कलापथक काढलं, अण्णा भाऊ कथा-कादंबऱ्यांकडे अधिकाधिक वळले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे शाहीर पुन्हा मैदानात आले. ‘माझी मैना’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्याच काळातली. आणि त्याच लढ्यात 18 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत विधानसभेवर जो मोर्चा गेला, त्याच्या अग्रभागी मुळशीचे सेनापती बापट होते.