ॲडम्स घराण्याचे दप्तर
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या प्रारंभकालीन इतिहासाचे एक प्रमुख कौटुंबिक साधन. मॅसॅचूसेट्समधील या घराण्यातील जॉन ॲडम्स (१७३५–१८२६) व त्याचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स (१७६७–१८४८) हे दोघेही देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची पत्रे व रोजनिशा आणि घरातील स्त्रियांचे लेखन यांचा दप्तरात समावेश होतो. एकट्या जॉन क्विन्सीची रोजनिशीच ५१ खंडांची आहे.

दप्तराचा गाभा म्हणजे जॉन व त्याची पत्नी ॲबिगेल (१७४४–१८१८) यांचा पत्रव्यवहार. १७६२ ते १८०१ या काळातील त्यांची अकराशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. जॉन फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये व पुढे यूरोपात असताना ॲबिगेल ब्रेनट्री येथील शेती व संसार सांभाळीत असे. बंकर हिलची लढाई (१७ जून १७७५), युद्धकालीन महागाई, जुलै १७७६ मध्ये बॉस्टन येथे मुलांसह देवी टोचून घेतल्याची हकीकत इ. मजकूर तिच्या पत्रांत आढळतो. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात नव्या कायद्यांत स्त्रियांचा विचार व्हावा व पतींच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नये, अशी मागणी तिने केली. जॉनने ती थट्टेवारी नेली.

आपली पत्रे जाळून टाकावीत, असे ॲबिगेल पतीला सुचवीत असे. जॉनने मात्र जून १७७६ मध्ये पत्रांच्या नकलांसाठी वही विकत घेतली आणि तिची पत्रे आपल्या पत्रांपेक्षा अधिक जतनीय ठरविली. याउलट मार्था वॉशिंग्टनने पतीशी झालेला पत्रव्यवहार जवळजवळ संपूर्ण नष्ट केला. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या गृहजीवनाचे असे चित्र इतिहासाला लाभले नाही.

नातू चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स याने १८४० पासून निवडक पत्रे प्रसिद्ध केली. तथापि काही खाजगी मजकूर त्याने गाळला. १९०५ पासून दप्तर कौटुंबिक विश्वस्तांकडे होते. १९५६ मध्ये ते बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीस देण्यात आले. त्याच दशकात त्याच्या सूक्ष्मपटाची ६०८ रिळे तयार झाली आणि १९६१ पासून लायमन बटरफील्डच्या संपादनाखाली चिकित्सक आवृत्ती निघू लागली.

हे दप्तर एका सुशिक्षित, जमीनमालक घराण्याचे आहे. गुलाम व मूळ रहिवासी यांच्या घरांत असे दप्तर क्वचितच निर्माण झाले वा टिकले, हे लक्षात ठेवूनच त्याचा उपयोग करावा लागतो.