उजेड कमी करण्याची विद्या

वागळे इस्टेटमध्ये आम्हाला ‘नेमप्लेटवाले’ म्हणत. कारखान्यांच्या कंट्रोल पॅनलवर ‘मेन ऑन’, ‘ट्रिप’, ‘रिसेट’ अशा पट्ट्या असतात, त्या कोरून द्यायच्या हा आमचा धंदा. माल ट्रॅफोलाइटचा: वर काळा थर, आत पांढरा. पितळी अक्षरांच्या साच्यातून पँटोग्राफची सुई फिरवली की दुसऱ्या टोकाचा कटर तेच अक्षर लहान करून काळ्या थरात खोदतो आणि आतला पांढरा उघडा पडतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1 ऑगस्ट 1962 रोजी सुरू झालं तेही इथेच. पुढे डोंबिवलीची एमआयडीसी वाढली, तिथलीही कामं येऊ लागली.

आता हात थांबलेत. पण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतला एक मुलगा आतल्या खोलीत बोईंग 737चं कॉकपिट उभारतोय. प्लायवुडचा सांगाडा, समोर तीन मॉनिटर, डोक्यावर बटणांचं पॅनल. आईने कपाट हलवायला परवानगी दिली, हेच मोठं. तो पॅनलची चित्रं घेऊन आला. “काका, ही अक्षरं आतून उजळायला हवीत.” मी एक तुकडा करून दिला. त्याने खोलीत अंधार केला, बघितलं आणि म्हणाला, “अजून मंद करा.” दुकानाच्या पाट्या करणाऱ्या दोस्तांकडे मी आयुष्यभर ‘अजून ब्राइट करा’ एवढंच ऐकत आलो होतो. मग विमानाच्या डायलचा इतिहास वाचायला घेतला. तो बराचसा उजेड कमी करत नेण्याचाच निघाला.

मुळात अशी खोटी कॉकपिटं आजची नव्हेत. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता. तिथले भाते वापरून त्याने 1929च्या सुमारास हवेवर झुलणारी विमानाची पेटी बनवली. आपल्या हार्मोनियमवाल्यांना हे लगेच कळावं. वर झाकण लावलं की शिकणाऱ्याला बाहेरचं काही दिसायचं नाही, दिसायच्या त्या फक्त डायल. सुरुवातीला ती जत्रांतल्या करमणुकीसाठीच जास्त खपली. 1934मध्ये अमेरिकी सैन्याने हवाई टपाल वाहायला घेतलं आणि अंधारात, ढगांत वैमानिक दगावले, तेव्हा सैन्याने ती विकत घेतली.

आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते दिवसाउजेडी. रात्रीचं हवाई टपाल 1949मध्ये आलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परतायची. अख्खी रात्र त्या वैमानिकांची नजर काट्यांवर.

रात्री वैमानिकाची अडचण अशी, की डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि प्रखर दिव्याने तो सराव क्षणात मोडतो. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात बघतात त्यांना लाल रंग जवळजवळ जाणवतच नाही, म्हणून कॉकपिटं लाल दिव्यांनी उजळली. पण नकाशावरच्या लाल रेषा लाल उजेडात गायब! शेवटी पांढरा उजेडच परत आला, मात्र मंद, हवा तेवढा कमी करता येणारा.

आणि खरी कारागिरी आली ती पॅनलमध्ये. अक्षराच्या मागे दिवा लावायचाच नाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची जाड पाटी घ्यायची, तिच्यात भोकं पाडून बारीक पाच व्होल्टचे बल्ब बसवायचे. उजेड पाटीच्या आतल्या आत पृष्ठभागावर आपटत पुढे सरकतो, बाहेर पडत नाही. पाटीला आधी पांढरा रंग, वर काळा. काळा कोरला की तेवढ्याच जागी उजेड बाहेर येतो. म्हणजे आमचं ट्रॅफोलाइटच, फक्त प्रकाशाने भरलेलं. दिवसा पांढरं अक्षर, रात्री उजळलेलं.

सगळा खेळ रंगाच्या थरांचा. काळा पातळ बसला तर पॅनलभर टाचणीएवढे ठिपके चमकतात. पांढरा जाड झाला तर अक्षर मरतं. डोंबिवलीच्या पावसाळ्यात तर स्प्रे मारूच नये, दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. मुलाने आधी लेझरवाल्याकडून करून आणलं होतं. काम झटपट, पण माझ्या मते कडा करपट दिसत होत्या. कटरची धार ती धार. तो मानत नाही, त्याला लेझरच बरा वाटतो.

दिव्याच्या रंगाबद्दल मात्र त्याचं म्हणणं बरोबर होतं. जुना बल्ब मंद केला की पिवळा, मग तांबूस होत जातो. पांढरा एलईडी कितीही मंद करा, रंग तोच राहतो, त्यामुळे कॉकपिट दवाखान्यासारखं दिसतं. पांढरा एलईडी मुळात निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर चढवून होतो, ज्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014चं नोबेल मिळालं. आम्ही वॉर्म व्हाइट घेतले, वर पिवळट फिल्म लावली.

आता हा मुलगा भंगारातून खऱ्या विमानाची घड्याळं, उंचीमापक जमवायच्या मागे आहे. त्याच्यासारख्या सगळ्यांना एक सांगणं आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या आणि त्यानंतरच्याही अनेक डायलवर झिंक सल्फाइडमध्ये रेडियम मिसळलेला रंग असे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात मुली ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करत आणि तो रंग भरत. त्यांचे जबडे झडले, काही जणी गेल्या, खटला 1928मध्ये तडजोडीने मिटला. आपल्या रिक्षांवरच्या ‘रेडियम’ स्टिकरमध्ये रेडियम नसतं, या डायलमध्ये असतं. त्यातलं झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होतं, चमक जाते, पण रेडियम अर्धं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. तेव्हा जुनी डायल अंधारात चमकत नाही म्हणून निर्धोक समजू नका. काच उघडू नका, रंग खरवडू नका आणि ती झोपायच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका.