माहितीच्या अधिकारातील मुदतवाढ

शासकीय अभिलेखांतील माहितीसाठी नागरिकाने केलेल्या अर्जास उत्तर देण्याची विधिविहित कालमर्यादा विशिष्ट कारणांसाठी लांबविण्याची तरतूद. माहितीचा अधिकार कायद्याने मान्य केला, तरी ती केव्हा द्यावयाची हे ठरविल्याशिवाय तो अधिकार परिणामकारक होत नाही. अंदाजपत्रक संमत झाल्यानंतर वा निवडणूक पार पडल्यानंतर हाती आलेली माहिती पुष्कळदा निरुपयोगी ठरते. म्हणून विलंब हा नकाराचाच एक प्रकार होय, असे या विषयावरील विधिविचारात मानले जाते. दुसऱ्या बाजूस, प्रचंड अभिलेखांचा शोध, अन्य खात्यांशी विचारविनिमय आणि त्रयस्थ पक्षाचे हितसंबंध यांमुळे काही अर्जांना अधिक वेळ लागतो, हेही खरे आहे. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून मुदतवाढीचा इतिहास घडला आहे.

माहितीच्या अधिकाराचा आद्य कायदा मानला जाणारा स्वीडनचा १७६६ चा मुद्रणस्वातंत्र्याचा अधिनियम होय. स्वीडनच्या विद्यमान कायद्यातही दिवसांची संख्या ठरविलेली नसून अभिलेख तत्काळ अथवा शक्य तितक्या लवकर द्यावा, एवढेच बंधन आहे. दिवसांची मोजणी आणि तिच्या अनुषंगाने येणारी मुदतवाढ या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कल्पना आहेत.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ रोजी स्वाक्षरी केलेल्या माहितीस्वातंत्र्य अधिनियमात उत्तराची मुदत नव्हती. त्यामुळे खाती अर्ज दीर्घकाळ अनुत्तरित ठेवू शकत. वॉटरगेट प्रकरणानंतर काँग्रेसने १९७४ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती केली. तीनुसार अर्जावरील निर्णयासाठी १० व अपिलासाठी २० कामाचे दिवस ठरविण्यात आले. दूरच्या कार्यालयांतून अभिलेख गोळा करणे, विपुल अभिलेख तपासणे किंवा अन्य खात्याशी सल्लामसलत करणे, अशा ‘असाधारण परिस्थितीत’ लेखी कारण देऊन आणखी १० कामाच्या दिवसांची वाढ घेता येई. राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी १७ ऑक्टोबर १९७४ रोजी या विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्यांच्या आक्षेपांपैकी एक असा, की या मुदती अनेक प्रकरणी अव्यवहार्य आहेत. तथापि प्रतिनिधिगृहाने ३७१ विरुद्ध ३१ व सीनेटने ६५ विरुद्ध २७ मतांनी नकाराधिकार डावलला आणि २१ नोव्हेंबर १९७४ रोजी दुरुस्ती संमत झाली.

फोर्ड यांनी दर्शविलेली अडचण लवकरच न्यायालयापुढे आली. दुरुस्तीत एक पळवाटही होती : खात्यापुढे ‘अपवादात्मक परिस्थिती’ असेल आणि ते तत्परतेने काम करीत असेल, तर न्यायालयास त्याला अधिक वेळ देता येई. फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनकडे काँग्रेसने कल्पिलेल्यापेक्षा कितीतरी अधिक अर्ज आले होते. ओपन अमेरिका या संघटनेच्या दाव्यात (१९७६) कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की अपुऱ्या साधनांनिशी अर्ज आलेल्या क्रमाने निकालात काढणाऱ्या खात्यास ही सवलत मिळू शकते. परिणामी दहा दिवसांची मुदत पुष्कळ खात्यांपुरती कागदावरच राहिली आणि रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठणे अर्जदारांच्या वाट्यास आले.

काँग्रेसने १९९६ च्या दुरुस्तीने यास दुहेरी उत्तर दिले. मूळ मुदत १० वरून २० कामाच्या दिवसांवर नेली. पण त्याचबरोबर, नेहमीच्या व अपेक्षित कार्यभारातून साचलेले काम ही अपवादात्मक परिस्थिती नव्हे, असे स्पष्ट केले. साचलेले काम कमी करण्यात खाते वाजवी प्रगती दाखवीत असेल, तरच ही सवलत राहिली. दहा दिवसांहून अधिक वाढ हवी असल्यास अर्जदारास अर्जाची व्याप्ती कमी करण्याची अथवा पर्यायी मुदत ठरवून घेण्याची संधी देणे आवश्यक झाले. २००७ च्या कायद्याने मुदत चुकविणाऱ्या खात्याच्या शोधशुल्क आकारण्यावर निर्बंध घातले. २०१३ मध्ये वरील अपील न्यायालयाने, अर्ज पोहोचल्याची पोच देणे म्हणजे निर्णय नव्हे. काय देणार व काय रोखणार हे मुदतीत कळविले नाही, तर अर्जदारास थेट न्यायालयात जाता येईल, असे ठरविले.

राष्ट्रकुलातील देश : न्यूझीलंडच्या १९८२ च्या अधिनियमात वाजवी त्वरेने उत्तर देण्याचे बंधन होते. २० कामाच्या दिवसांची मर्यादा व तिच्या वाढीचे नियम १९८७ च्या दुरुस्तीने आले. मुदतवाढीची सूचना कारण व कालावधी नमूद करून द्यावी लागते आणि तिच्याविरुद्ध ओंबुड्समनकडे तक्रार करता येते. कॅनडाच्या १ जुलै १९८३ पासून अंमलात आलेल्या कायद्यात मूळ मुदत ३० दिवसांची आहे. वाढ मात्र ‘वाजवी कालावधी’ची असून तिला संख्येची कमाल मर्यादा नाही. या मोकळीकीचे टोक एका प्रकरणात दिसून आले. उरुग्वेला विकलेल्या लष्करी साहित्याविषयीच्या अर्जावर राष्ट्रीय संरक्षण खात्याने १,११० दिवसांची वाढ घेतली. संघीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय दिला, की वाढीचा वाजवीपणा न्यायालयास तपासता येतो आणि अवाजवी वाढ ही माहिती नाकारण्यासारखीच होय.

ब्रिटनच्या २००० च्या अधिनियमात २० कामाच्या दिवसांची मुदत असून सार्वजनिक हिताचा तौलनिक विचार करण्यासाठी ती वाजवी प्रमाणात वाढविता येते. स्कॉटलंडच्या २००२ च्या स्वतंत्र अधिनियमात मात्र अशी सोय नाही. कोव्हिड–१९ च्या साथीत तेथील संसदेने १ एप्रिल २०२० रोजी एका दिवसात संमत केलेल्या आणीबाणीच्या कायद्याने ही मुदत ६० कामाच्या दिवसांवर नेली. संकटकाळात शासनाचे निर्णय जाणून घेण्याची गरज वाढते, कमी होत नाही, अशी टीका झाली आणि दोन महिन्यांच्या आतच, मे २०२० मध्ये, संसदेने २० दिवसांची मुदत पुन्हा लागू केली.

भारत : गोवा (१९९७), महाराष्ट्र (२००२) इ. राज्यांनी केंद्रापूर्वी असे कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा वाटा होता आणि विलंबाबद्दल अधिकाऱ्यावर प्रतिदिन दंडाची तरतूद त्यात होती. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आलेल्या केंद्रीय माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने जनमाहिती अधिकाऱ्यास मुदतवाढ मागण्याचा अधिकारच दिलेला नाही. सामान्य मुदत ३० दिवसांची असून व्यक्तीचे जीवित वा स्वातंत्र्य यांच्याशी संबंधित माहितीसाठी ती ४८ तासांची आहे. त्रयस्थ पक्षाचा संबंध असेल, तर ४० दिवस मिळतात. अतिरिक्त शुल्क कळविल्यापासून ते भरेपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो. मुदत टळल्यास विनंती नाकारल्याचे मानले जाते, नंतर द्यावयाची माहिती विनामूल्य द्यावी लागते आणि वाजवी कारणाविना झालेल्या विलंबाबद्दल प्रतिदिन रु. २५० प्रमाणे कमाल रु. २५,००० पर्यंत शास्ती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसविता येते. वाढीची तरतूद केवळ पहिल्या अपिलात आहे : ३० दिवसांत निकाल न झाल्यास लेखी कारणे नोंदवून एकूण ४५ दिवसांपर्यंत वेळ घेता येतो. माहिती आयोगापुढील दुसऱ्या अपिलाच्या निकालास मात्र अधिनियमात कोणतीही मुदत नाही. जेथे आयोगांतील पदे रिक्त राहतात व अपिले साचतात, तेथे कायद्याने दारातून नाकारलेली मुदतवाढ या मार्गाने आत येते.

या इतिहासावरून असे दिसते, की मुदत किती दिवसांची यापेक्षा ती कोण, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली वाढवू शकतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. लेखी कारण, निश्चित कमाल मर्यादा व स्वतंत्र तपासणी ही तीन बंधने जेथे आहेत, तेथे मुदतवाढ प्रशासनाची सोय ठरते. जेथे ती नाहीत, तेथे ती माहिती न देण्याचे साधन बनते. पुरेसे मनुष्यबळ व सुव्यवस्थित अभिलेख यांवाचून कोणतीही मुदत पाळली जात नाही, हेही अमेरिकेच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.