पितळी पातेले आणि बालकांचे यकृत

स्टील येण्यापूर्वी जुन्नर-आंबेगावकडच्या स्वयंपाकघरांत तांब्या-पितळेची भांडी रोजच्या वापरात असत. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, हे घरच्या बायकांना पक्के ठाऊक होते. दुधाबद्दल मात्र अशी शंका कुणी घेतली नाही. वास्तविक दुधातले केसीन तांबे धरून ठेवते, आणि असे दूध वरचे म्हणून तान्ह्या बाळाला गेले की ते तांबे त्याच्या यकृतात साठत जाते. पोट फुगणे, यकृत दगडासारखे कठीण होणे आणि काही महिन्यांत मृत्यू, असा ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’चा क्रम असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये या आजाराचा संबंध अशा दुधाशी जोडला.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पिढ्यान् पिढ्या याच भांड्यांत जेवलेली माणसे धडधाकट कशी राहिली? कारण जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची ताकद तान्ह्या यकृतात पुरेशी नसते. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका नव्हता. दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा, कारण एकाच घरातली भावंडे दगावत. तिचा वाटा असेलही. ऑस्ट्रियातील टायरॉलमध्येही हा आजार ठरावीक कुटुंबांत दिसला. पण तिथेही भांडी बदलल्यावर तो नाहीसा झाला. रक्तातला दोष तोच राहून आजार जातो, तेव्हा निर्णायक कारण भांड्यातच शोधावे लागते.

त्या काळी निदानासाठी यकृतात सुई घालून तुकडा काढावा लागे. 1995 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एमआर इलास्टोग्राफीचे तंत्र मांडले. यात पोटावरून सौम्य कंपने देतात. कठीण यकृतातून ती वेगाने जातात आणि एमआरआय तो वेग टिपतो. व्रण दाट झाला की ही तपासणी भरवशाची ठरते, अगदी पहिल्या पायरीवर तितकी नाही. शिवाय यकृत किती कठीण झाले हे ती सांगते, कशामुळे हे नाही. पेनिसिलामाइन हे औषधही लवकर सुरू केले तरच मुले वाचत, म्हणून लवकर निदान मोलाचेच. पण ही साथ ओसरली ती आईला ‘दूध कशात तापवता?’ असे विचारणाऱ्या डॉक्टरांमुळे आणि घरोघरी आलेल्या स्टीलमुळे. आज मंचर-नारायणगावच्या रुग्णाला एमआरआयसाठी पाठवतानाही खाण्यापिण्याची, दारूची आणि औषधांची चौकशी आधी व्हायला हवी. यंत्राने दाखवलेल्या व्रणाचा अर्थ त्याच माहितीवरून लागतो.