ओल्या फडक्याचे दिवस

केळशीला गाडीने येणाऱ्या जुन्या मंडळींना ओल्या फडक्याची महती सांगायला नको. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता आणि पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला. घाट चढून गाडी थांबवली की पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफच ओढायचा. मग पंपावर ओलं फडकं आणि अर्धा तास गप्पा!

१९९९ साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात धुराचे नियम कडक केले. एप्रिल २००५ पासून भारत स्टेज २ देशभर लागू झालं, तोवर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच होता. इंजेक्शन आलं, पंप टाकीत गेला. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे फडकं सुटलं.

आता त्या गाड्याही म्हाताऱ्या झाल्या. सकाळी एका किल्लीत सुटलेली गाडी महालक्ष्मीच्या देवळापाशी वीस मिनिटं उभी राहिली की हटून बसते. बंद इंजिनात पाणी फिरत नाही, म्हणून बॉनेटखाली उष्णता उलट वाढते. पंपातली झडप गळत असेल तर दाब उतरतो, वाफ परत येते.

स्टार्टर न मारता किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. मग लागली तर दोष दाबाचा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून लागली तर पेट्रोल जास्त होतंय: इंजेक्टर गळतोय, नाहीतर तापमानाचा सेन्सर तापलेल्या इंजिनाला थंड समजतोय. ठिणगीच नसेल आणि निवल्यावर येत असेल, तर क्रँक सेन्सर तपासा.

एवढं न बघता सुटे भाग बदलत बसलं की खिसा रिकामा होतो, गाडी तिथेच. फडकंवाल्यांना निदान नेमकं काय तापलंय ते ठाऊक होतं.