रोही (नीलगाय)
खुरी सस्तन प्राणी. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा परिसरातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा. जवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यातही आढळतो. अंगलट हरणासारखी असली तरी कुल शिंगांवरून ठरते. सांबर-चितळांची भरीव, फाटे फुटलेली शिंगे दरवर्षी गळतात. रोहीच्या नराची शिंगे आखूड व निमुळती. आत हाडाचा गाभा, वर केराटिनाची खोळ. ती आयुष्यभर टिकतात, म्हणून तो गाई-शेळ्यांच्या बोव्हिडी कुलात. काळविटापेक्षा गाईशीच त्याचे नाते जवळचे. सर्वांत निकटचा आप्त चौसिंगा. नर निळसर करडा, गळ्याला केसांचा झुपका. मादी पिंगट, बिनशिंगी. झाडपाला व गवत दोन्ही चालते, पाण्यावाचून बराच काळ निभते. म्हणून कोरड्या झुडपी रानात तो तगतो आणि रब्बीत हरभऱ्यात उतरतो.