नावातून गाळलेलं शिसं

२ फेब्रुवारी १९२३. अमेरिकेतल्या डेटन शहरात एका पंपावर नवं पेट्रोल विकायला आलं, नाव ‘एथिल’. साध्या पेट्रोलहून महाग.

इंजिनात दाब वाढवला की पेट्रोलचा काही भाग आपोआप भडके आणि इंजिन ठोके देई. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये त्यावर उतारा सापडला: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग. ‘शिसं’ हा शब्द मात्र नावातून मुद्दाम गाळला गेला. ही साधी चूक नव्हती, ग्राहकाची फसवणूक होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे कारखान्यात या विषाने पाच कामगारांचा बळी घेतला. तरीही विक्री दशकानुदशकं चालूच राहिली.

ठोके रोखण्याची क्षमता मोजणारी ऑक्टेनची पट्टी १९२०च्या दशकातच आली. साधं आणि प्रीमियम यांतला मूळ फरक आजही त्याच आकड्याचा.

मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आलं, देशभर २००० मध्ये. अल्जीरियात शिसेयुक्त पेट्रोल २०२१ पर्यंत विकलं जात होतं.

पंपावर जादा पैसे मोजण्याआधी गाडीचं माहितीपुस्तक उघडा. त्यात ९१ ऑक्टेन पुरेसं असल्याचं लिहिलं असेल, तर साधंच भरा.